ज्युरी गेली, अपील उरलं

बँक फुटली, सोनाराचं दुकान फुटलं की नाक्यावरची चर्चा ठरलेली असते: "यांचा निकाल पब्लिकनेच लावायला पाहिजे." २०१७ मध्ये जुईनगरला शेजारच्या गाळ्यातून भुयार खणून बँकेचे लॉकर फोडले, तेव्हाही मी हेच ऐकलं.

मंडळी, पब्लिकचा निकाल मुंबईने बघितलाय. त्याचं नाव ज्युरी. नानावटी खटल्यामुळे ती सगळ्यांना माहीत आहे. पण चोरी-दरोड्यात ज्युरीने दोषी ठरवलं, तर पुढे काय व्हायचं?

१९५१ मध्ये फोर्टातल्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या डी. एन. रोडवर, लॉइड्स बँकेवर सशस्त्र दरोडा पडला. खटला ज्युरीपुढे चालला, आरोपी दोषी ठरले. आता अपील करायचं कशावर? १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४१८ सांगायचं की ज्युरीचा खटला असेल तर अपील फक्त कायद्याच्या मुद्द्यावर. साक्षीदारावर विश्वास ठेवला हेच चुकलं, असं वरच्या कोर्टात म्हणता येत नसे. त्यात ज्युरी निकालाची कारणं लिहीत नसे. मग खोडून काढायचं तरी काय? मुख्य वाट एकच: न्यायाधीशाने ज्युरीला कायदा चुकीचा समजावला, हे दाखवायचं.

हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९५४ च्या निकालात मोठा मुद्दा ओळखपरेडचा होता. पोलिसांनीच घेतलेल्या परेडमध्ये साक्षीदाराने आरोपीकडे बोट दाखवलं, तर तो पोलिसांपुढचा जबाबच झाला. तो पुरावा म्हणून ज्युरीपुढे ठेवता येत नाही, असं कोर्टाने सांगितलं.

१९७३ च्या संहितेत ज्युरीला जागाच राहिली नाही. आज न्यायाधीशाला निकालाची कारणं लिहावी लागतात आणि अपिलात पुरावा पुन्हा तपासला जातो. घरफोडीत मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली तर ३० दिवसांत सेशन्स कोर्टात, सेशन्सने दिली तर ६० दिवसांत हायकोर्टात जाता येतं. जेलमधला माणूस जेल अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवू शकतो. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो.

अपिलं वर्षानुवर्षं रखडतात, हे खरंच. त्यावर बोंबला, मीही तुमच्यासोबत आहे. पण पब्लिकचा निकाल मागताना एवढं बघा: उद्या ओळखपरेडमध्ये बोट तुमच्या पोराकडे वळलं, तर "हा पुरावा पुन्हा तपासा" असं म्हणायला जागा हवी की नको?