अपुऱ्या दिवसांचे मूल आणि रक्ताची साक्ष

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट व थॉमस फ्रान्सिस हे न्यूमोनियाच्या रोग्यांचे रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूंपासून काढलेला ‘सी’ नावाचा पदार्थ रोग्याच्या रक्तद्रवात मिसळला की साका खाली बसे. रोगी बरा झाला की तो बसेनासा होई. साका घडविणाऱ्या या प्रथिनाला पुढे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हे नाव पडले.

मोठ्यांच्या दुखण्यातून लागलेला हा शोध अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्याही कामी आला. अशा अर्भकाच्या रक्तात जंतू शिरले तरी ताप येईलच असे नाही. उलट अंग गार पडते, दूध पचत नाही, श्वास मध्येच थांबतो. आणि ही लक्षणे तर निव्वळ अपुरेपणाचीही असतात! रक्तातील जंतू वाढवून पाहावेत, तर एक-दोन दिवस जातात. शिवाय एक किलोच्या बाळाच्या अंगात रक्त ते किती? जेमतेम ९० मिलिलिटर.

परंतु प्रथिनाची साक्षही उशिराच मिळते. पहिले दहा-बारा तास ते फारसे वाढत नाही. १९९३ साली फ्रेंच संशोधकांनी प्रोकॅल्सिटोनिन ही अधिक चपळ खूण दाखवून दिली. पण जन्मानंतरचे दोन दिवस ती निरोगी बाळातही चढलेली असते. म्हणून औषध सुरू करणे आजही डॉक्टरांच्या संशयावरच अवलंबून असते. चाचणीचा खरा उपयोग ते थांबविण्यात आहे. दिवसाच्या अंतराने दोनदा पाहूनही प्रथिन वाढलेले नसेल आणि बाळ सावरत असेल, तर प्रतिजैविके लवकर बंद करण्याचे धैर्य डॉक्टरांना येते.