गोळी दाताच्या मुळापर्यंत का पोहोचत नाही?

१/ सोलापूर–पुणे महामार्गालगतच्या चिंचोळी एमआयडीसीत औषधनिर्मितीसाठी लागणारी रसायने तयार होतात. दाढ ठणकून गाल सुजला, की तिथला कामगार असो वा आपण, आधी गोळी शोधतो. ती गोळी दुखण्याच्या मुळाशी पोहोचते का? या प्रश्नाच्या उत्तराला सुमारे ८० वर्षांचा इतिहास आहे.

२/ १८९४. बर्लिनमधील अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांना दाताच्या सडलेल्या मगजात (बोलीत ज्याला आपण ‘नस’ म्हणतो) सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंची दाटी दिसली. मात्र त्यांतील कित्येक जिवाणू प्रयोगशाळेत काही केल्या वाढेनात.

३/ १९१०. लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी मॉन्ट्रियलच्या व्याख्यानात सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढवण्याच्या प्रथेवर कोरडे ओढले. पुढे ‘दातातला पू हेच अनेक रोगांचे कारण’ हा समज इतका बळावला, की वाचवता येण्याजोगे असंख्य दातही उपटले गेले.

४/ १९५४. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. दाताचा संसर्ग मानेत उतरून जीव घेऊ शकतो. अशा वेळी हे औषध मोठा आधार ठरले.

५/ १९६५. अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांतील मगज उघडा केला. साध्या उंदरांत तो सडून मुळाशी गळू झाले; जंतुमुक्त वातावरणात वाढलेल्या उंदरांत जखम भरून आली. जिवाणूंवरील आरोप सिद्ध झाला.

६/ १९७६. स्वीडनमध्ये सुंडक्विस्ट यांनी मार लागून मृत झालेले, पण वरून अभंग असलेले दात तपासले. मुळाशी हाड झिजलेल्या १९ दातांपैकी १८ दातांत जिवाणू सापडले. त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक प्राणवायूविना जगणारे होते. मिलर यांचे कोडे येथे उलगडते: असे जिवाणू उघड्या हवेत वाढतच नाहीत.

७/ आता मूळ प्रश्न. गोळीतील औषध रक्तावाटे फिरते. मगज मेला, की दाताच्या आतला रक्तपुरवठा संपतो. औषध आजूबाजूच्या हाडापर्यंत जाते, सूज उतरते. आतले जिवाणू मात्र सुरक्षित राहतात आणि काही काळाने गळू पुन्हा डोके वर काढते.

८/ म्हणून पसरणाऱ्या संसर्गात प्रतिजैविक आवश्यक असले, तरी ते मुळाच्या सफाईला पर्याय नव्हे. रूट कॅनल करून जिवाणूंचा तळ साफ करावा लागतो, किंवा तो दात काढावा लागतो. सूज उतरली म्हणजे दात बरा झाला, असे नव्हे.