कळा गेल्या, मांडणी राहिली

१८६८ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात ख्रिस्तोफर शोल्स व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी टंकलेखन यंत्राचे पेटंट घेतले. १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणले, तेव्हा रोमन अक्षरांची आजची मांडणी जवळजवळ ठरलेली होती.

पुढे देवनागरी यंत्रे आली. कळा मोजक्या, जोडाक्षरे मात्र शेकडो. म्हणून अक्षरांचे तुकडे करावे लागले. अर्धा ‘ग’ वेगळा, काना वेगळा. दोन्ही उमटवले की पूर्ण ‘ग’. संगणक आला आणि हे तुकडे जोडण्याचे काम त्याच्याकडे गेले. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इनस्क्रिप्ट’ मांडणी प्रमाण ठरवली. डाव्या हाताला स्वर, उजवीकडे बहुतेक व्यंजने. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर. तिचा पाया आपली वर्णमालाच होती.

२००७ मध्ये आयफोनने कळाच काढून टाकल्या. काचेवरची कळ म्हणजे नुसते चित्र. बोटाला ती जाणवत नाही, त्यामुळे न पाहता लिहिणे अवघड जाते. लांब मजकुरासाठी खरा कळफलक अजून टिकून आहे, तो यामुळेच. पण चित्र हवे तसे बदलता येते, ही काचेची मोठी सोय. तरीही आपल्यापैकी अनेक जण फोनवर ‘घर’ लिहायला रोमन अक्षरेच दाबतात. यंत्राची अडचण संपली, सवय उरली.

वर्गात दोन्ही मांडण्या फळ्यावर काढू या. ‘घ’ हा ‘ग’चा शेजारी आहे, हे कोणती मांडणी दाखवते, ते मुलांनाच शोधू द्यावे.