दोन भाषांच्या अंगणातील बोबडे बोल

डहाणू तालुक्यातील सरावली आणि आसपासच्या परिसरात मुलाच्या कानावर जन्मापासूनच एकाहून अधिक भाषा पडतात. पाड्यावर वारली बोली, बाजारपेठेत मराठीच्या जोडीला गुजराती आणि अंगणवाडीत प्रमाण मराठी, असा येथील भाषाव्यवहार आहे. अशा वातावरणात वाढणारे दीड-दोन वर्षांचे मूल आपली तहान-भूक नेमकी कोणत्या भाषेत सांगते, आणि ऐकणाऱ्याला ती समजते का, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

मागणी करण्यास मूल शब्दांच्या आधीच शिकते. साधारण नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान ते हव्या त्या वस्तूकडे बोट दाखवू लागते. वर्षाच्या आसपास पहिला शब्द उमटतो आणि दुसरा वाढदिवस येईपर्यंत दोन शब्दांची जोडणी सुरू होते. एक भाषा ऐकणारे मूल असो वा दोन, हे टप्पे साधारणपणे त्याच वयात येतात. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलते, या समजुतीला संशोधनाचा आधार नाही.

अडचण असते ती ऐकणाऱ्याची. गुजराती घरांत लहान मुलांशी बोलताना पाण्याला ‘भू’ म्हणतात. मराठी घरात ‘भूर’ म्हणजे बाहेर फिरायला जाणे आणि ‘भूभू’ म्हणजे कुत्रा. तहानलेल्या बाळाने ‘भू’ म्हटले आणि समोरच्याने त्याला कडेवर घेऊन अंगणात नेले, तर बाळाने रडावे यात नवल नाही. गुजरातीतील ‘चकली’ म्हणजे चिमणी. मराठी कानाला मात्र ती दिवाळीच्या फराळातली वाटते. उलट ‘पाणी’ आणि ‘दूध’ हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच असल्याने तेथे गैरसमजाला जागा उरत नाही.

शब्द मोजतानाही हीच चूक होते. समजा, एका मुलाला गुजरातीचे ३० आणि मराठीचे २५ शब्द येतात आणि त्यांतील १५ अर्थ दोन्हींकडे समान आहेत. म्हणजे त्याच्याजवळ ५५ शब्द आणि ४० संकल्पना आहेत. केवळ मराठी ऐकणाऱ्या सेविकेला त्यातले २५ च दिसतील आणि मूल मागे पडल्याचा शिक्का बसेल. म्हणूनच दुभाषी मुलाचा शब्दसंग्रह दोन्ही भाषा मिळून मोजावा, असे भाषातज्ज्ञ सांगतात. एकाच वाक्यात दोन भाषांची सरमिसळ होणे हेही गोंधळाचे लक्षण नव्हे. ज्या भाषेतला शब्द आधी सापडला, तो मूल वापरते.

मात्र ‘दोन भाषा आहेत, बोलेल हळूहळू’ असे म्हणून खऱ्या अडचणीकडे दुर्लक्ष करणेही तितकेच घातक आहे. वर्ष उलटले तरी मूल बोट दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत कोणत्याही भाषेत एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर प्रथम श्रवणतपासणी करून घ्यावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांच्या वर्षातून दोनदा तपासणीची तरतूद आहे. तपासणीच्या वेळी मुलाचे घरच्या भाषेतील शब्दही पालकांनी आवर्जून सांगावेत.

घरची बोली अंगणवाडीच्या उंबरठ्याबाहेर ठेवू नये, हा विचार या तालुक्याला परका नाही. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्या सोबत होत्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, ही अंगणवाडीची कल्पना याच कार्यातून रुजली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे हे नाव घरोघरी पोहोचले.

अंगणात गेलेल्या शिक्षिकेच्या कानी मुलाच्या घरची भाषा आपोआप पडत असे. मूल केंद्रात येते तेव्हा ती विचारून घ्यावी लागते. प्रवेशाच्या दिवशी पाणी, भूक, झोप, शी-शू, दुखणे आणि ‘नको’ यांसाठी घरात कोणते शब्द आहेत, हे आईला किंवा आजीला विचारून लिहून ठेवले, तर मुलाला पहिल्याच आठवड्यात आपले म्हणणे ऐकले जाते, हा विश्वास येतो. सेविकेने त्याच्या शब्दाला उत्तर देत सोबत मराठी शब्द उच्चारावा; मुलाचा शब्द खोडू नये. पालकांनीही ‘आता फक्त मराठीतच बोल’ असा आग्रह धरू नये. आजीशी बोलण्याची भाषा तोडून शाळेची भाषा पक्की होत नाही. घरात भरपूर बोलणारे मूलच पुढे दुसरी भाषाही सहज आत्मसात करते.