इंजिन सावकाश चालवण्याचा इतिहास

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा बहुतेकांना वाटले असेल की मी सोसायटीच्या नोंदणीपासून कन्व्हेयन्सपर्यंतची हकिगत लिहीन. ती चेअरमनसाहेबांनी लिहिली आहे आणि चांगली लिहिली आहे. मी लिहिणार आहे खेळण्यातल्या आगगाडीबद्दल. हसू नका. रविवारी सकाळी बी विंगमध्ये माझ्याकडे जी मुले जमतात, त्यांच्या आईवडिलांना 'आजोबा तिथे नेमके करतात काय' हा प्रश्न पडलेला आहेच. शिवाय क्लब हाउससाठी तसाच एक पाट करून घ्यावा, असा विषय कमिटीपुढे आला आहे. पैसे सगळ्यांचे लागणार, तर माहितीही सगळ्यांना असलेली बरी.

माझा पाट पाच फूट लांब आणि एक फूट रुंद. त्यावर गाडी गोल गोल फिरत नाही. दोन सांधे, तीन सायडिंग, एक इंजिन आणि आठ वाघिणी, बस्स. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, बाकीच्या दोन्हींत तीन-तीन. इंजिन ज्या तुकड्यावर पुढेमागे करते तिथे इंजिन आणि तीनच वाघिणी मावतात. आठ वाघिणींचे आठ पत्ते पिसायचे, पाच काढायचे, आणि पत्ते ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने गाडी जोडून द्यायची. ही युक्ती ॲलन राइट या इंग्रज छांदिष्टाची. त्याने आपल्या पाटाला 'इंग्लनुक सायडिंग्ज' म्हटले आणि आता जगभर त्या प्रकारालाच हे नाव पडले आहे. आठांतून पाच, तेही क्रमाने, म्हणजे ६,७२० वेगवेगळ्या गाड्या होतात. रोज एक जोडली तरी अठरा वर्षे पुरतील.

अमेरिकेत असाच खेळ जॉन ॲलनने काढला. हा कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीचा गृहस्थ. घराच्या तळघरात त्याने डोंगरदऱ्यांसकट एक अवाढव्य छोटी रेल्वे उभी केली होती आणि तिच्यासाठी तो प्रसिद्ध होता. 'मॉडेल रेलरोडर' मासिकाच्या नोव्हेंबर १९७२च्या अंकात त्याचे पाच सांध्यांचे 'टाइमसेव्हर' हे कोडे आले. घड्याळ लावून खेळायचे. जानेवारी १९७३मध्ये तो वारला आणि काही दिवसांतच त्याची ती सगळी रेल्वे आगीत गेली. फळीवरचे कोडे तेवढे मागे राहिले आणि आजही लोक ते सोडवतात.

अमेरिकन लोक ज्याला 'स्विचिंग' म्हणतात तेच आपले शंटिंग. ते करायचे तर इंजिन मुंगीच्या पावलांनी चालले पाहिजे, आणि खरी अडचण इथेच सुरू होते. आपल्या रेल्वेच्या नियमांत शंटिंगचा वेग सर्वसाधारणपणे ताशी १५ किलोमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. माझे इंजिन एचओ मापाचे, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे. हिशेब केला तर त्याने सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच जायला हवे. पाच फुटांच्या पाटाला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ. वाघिणीला लागताना तर त्याच्याही निम्मा वेग. ए विंगमधले आपले काका रेल्वेत शंटिंग मास्तर होते. त्यांना मी पहिल्यांदा एक जुने इंजिन चालवून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "अहो साहेब, एवढ्या जोरात शंटिंग केलं असतं तर मला घरी बसवलं असतं!"

त्यात त्या इंजिनाचा काही दोष नव्हता. जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांवरची गाडी मांडली, ती चावीची होती. चावी दिली की सुसाट सुटणार आणि स्प्रिंग संपली की थांबणार. इंग्लंडात १९३८ साली 'हॉर्नबी डब्लो' आली, तीही विजेबरोबर चावीतही मिळत असे. दुकानाच्या काचेआड गाडी पळताना दिसली की पोर हट्ट धरते, म्हणून गाड्या पळण्यासाठीच बनत. सगळ्यात गंमत 'हसलर'ची. १९५०-६०च्या काळात कॅलिफोर्नियाच्या ॲथर्न कंपनीचे हे छोटेसे शंटिंग इंजिन स्वस्त म्हणून खूप खपले. मोटरच्या दांड्यावरून चाकांच्या आसावर चक्क रबर बँड घातलेले! गिअर नसल्यामुळे ते असे सुटायचे की मेल गाडीला मागे टाकेल. दिसायला शंटिंगचे आणि वेग शर्यतीचा.

गिअर घातले तरी प्रश्न सुटत नव्हता, कारण वेग कमीजास्त करायला असायचा रिओस्टॅट, म्हणजे मोटरच्या वाटेत घातलेला विजेचा अडथळा. थांबलेले इंजिन हलवायला जोर जास्त लागतो, म्हणून खटका बराच पुढे न्यावा लागे. इंजिन एकदा सुटले की मोटर वीज कमी ओढते. वीज कमी ओढली की अडथळ्यात व्होल्टेज कमी खर्च होते आणि मोटरला एकदम जास्त मिळते. त्यामुळे ते हलत नाही, हलत नाही, आणि मग सशासारखे उडी मारते. उलट ओझे वाढले की मोटर जास्त वीज मागते आणि नेमके तेव्हाच तिला व्होल्टेज कमी मिळते. बँकेत मी असे व्यवहार पाहिले आहेत. ज्याला गरज नाही त्याला कर्ज हजर आणि ज्याला निकड आहे त्याची फाइल टेबलावर.

यावर १९६०च्या दशकात ट्रान्झिस्टर आला. 'मॉडेल रेलरोडर'चे संपादक लिन वेस्टकॉट यांनी घरी जोडता येतील असे ट्रान्झिस्टरचे कंट्रोलर मासिकातून दिले. यात मोटर किती वीज ओढते याने व्होल्टेज फारसे हलत नाही. शिवाय खऱ्या गाडीसारखा हळूहळू वेग घेणे, हळूहळू ब्रेक लागणे हेही साधता आले. दुसरा उपाय धक्क्यांचा. सलग वीज देण्याऐवजी सेकंदाला ५० किंवा ६० छोटे ठोके द्यायचे, म्हणजे मोटर अडून बसत नाही. पण ठोक्यांनी मोटर गुणगुणते आणि तापते. कोअरलेस नावाच्या नाजूक मोटरला तर ते अजिबात सोसत नाही.

मोटरही सुधारत गेली. जुन्या मोटरचे आर्मेचर तीन टोकांचे. सावकाश फिरवले की ते चुंबकाशी अडखळत अडखळत फिरे. मग पाच टोकांचे आणि तिरप्या खाचांचे आले. १९८०च्या दशकात जपानच्या काटोने बनवलेली यंत्रणा अमेरिकेच्या ॲटलास इंजिनांतून आली आणि दुकानातून आणल्या आणल्या इंजिन गुळगुळीत चालते म्हणजे काय, हे सामान्य गिऱ्हाइकाने पाहिले. तिच्यात पितळी फ्लायव्हील होते. फ्लायव्हीलची जाहिरात फार होते, पण शंटिंगवाल्याने तिला भुलू नये असे माझे मत आहे. वेग निम्मा झाला की फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर पाव होतो. म्हणजे इंजिन भरधाव असताना शिल्लक भरपूर आणि मुंगीच्या पावलाने चालताना, जेव्हा खरी गरज असते तेव्हा, पासबुक रिकामे.

आता खरे दुखणे सांगतो. इतकी वर्षे मोटरवर आणि कंट्रोलरवर एवढे डोके लढवले गेले, पण शंटिंगचे इंजिन अडते ते बहुतेक वेळा रूळ आणि चाक यांच्यामधल्या मळामुळे. वीज एका रुळातून चढते आणि दुसऱ्यातून उतरते. मोठ्या इंजिनाला आठ-बारा चाके, त्यातली दोन रुसली तरी चालते. शंटिंगचे इंजिन चार चाकांचे. आपल्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड असला की ते तीन पायांवर उभे राहते ना, तसेच ताठ चौकटीचे इंजिन तीनच चाकांवर उभे असते. म्हणजे एका बाजूला वीज घ्यायला एकच चाक. त्याखाली एक कण आला की संपले. जुन्या अमेरिकन वाफेच्या मॉडेलमध्ये तर इंजिनाने एका रुळावरून वीज घ्यायची आणि टेंडरने दुसऱ्यावरून, म्हणजे अर्धी चाके नुसती शोभेची. चढ चढावा म्हणून काही कंपन्या चाकांना रबराची पट्टी बसवत. तेही चाक विजेच्या दृष्टीने गेले.

कारागिरांनी उपाय शोधले ते साधे होते. प्रत्येक चाकाला टेकणारी फॉस्फर ब्राँझची बारीक पट्टी. एक आस मधोमध टेकवून थोडा डुलता ठेवणे, म्हणजे चारही चाके रुळावर बसतात. इंजिनात जिथे जागा असेल तिथे शिशाचे वजन. सांध्यात जिथे रूळ एकमेकांना छेदतात ते क्रॉसिंग बऱ्याचदा प्लास्टिकचे असते आणि छोटे इंजिन नेमके तिथे मरते. तिथे धातूचे, सांध्याबरोबर वीज बदलणारे क्रॉसिंग हवे. आणि सफाई. जॉन ॲलनची यावरची युक्ती मला त्याच्या डोंगरांपेक्षा मोठी वाटते. मालडब्याच्या पोटाखाली हार्डबोर्डचा खरखरीत तुकडा सैल लटकवायचा आणि तो डबा नेहमीच्या गाड्यांमधून फिरवायचा. गाडी चालते तिथे रूळ आपोआप पुसला जातो.

मग डिजिटल आले. जर्मनीच्या लेन्झ कंपनीने बसवलेल्या पद्धतीवर अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात डीसीसी हे सर्वांसाठीचे मानक ठरवले. यात रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज असते आणि किती वापरायचे ते इंजिनातली चिप ठरवते. सावकाश चालताना रुळावर जेमतेम दोन-तीन व्होल्ट असण्यापेक्षा चौदा असले तर हलका मळ तरी अडवत नाही. चिप क्षणभर वीज थांबवते, फिरणारी मोटर स्वतः किती व्होल्टेज तयार करते ते मोजते आणि वेग पडला असेल तर भर घालते. हे सेकंदात कितीतरी वेळा चालते. अलीकडे इंजिनात कपॅसिटर बसवतात, तो रुळाशी संपर्क तुटला तरी थोडा वेळ गाडा ओढतो. हे सगळे उत्तमच आहे. पण जाहिरातीत दाखवतात तसे चिपमुळे सगळे झाले, हे काही खरे नाही. तीन चाकांवर उभ्या असलेल्या इंजिनात चिप बसवली तर महागडे इंजिन थांबते, एवढाच फरक.

पुण्यात कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे म्युझियम १९९८पासून आहे, ते मुलांना जरूर दाखवा. तिथले पाहणे वेगळे आणि हाताने वाघिणी जोडणे वेगळे. माझ्याकडे येणारी मुले मी बरीच वर्षे पाहतो आहे. इंजिन एकदा अडले तर मूल वाट पाहते. दुसऱ्यांदा बोटाने ढकलते. तिसऱ्यांदा काही न बोलता उठते आणि आईचा मोबाइल मागते. ते पुन्हा येईलच असे नाही. आणि इंजिन सावकाश, न अडता चालले तर ए विंगचे काका स्टुलावर बसून हाताचे इशारे देतात, सात वर्षांची मुलगी खटका धरते आणि दोघे पाऊण तास एकही शब्द न बोलता गाडी जोडतात.

म्हणून कमिटीपुढे जो महागड्या डिजिटल सेटचा प्रस्ताव आहे, त्यावर माझे म्हणणे लेखी देतो. साधा चांगला कंट्रोलर घ्यावा. इंजिन एकच, पण सगळ्या चाकांवरून वीज घेणारे आणि वजनदार. दोन्ही सांधे धातूच्या क्रॉसिंगचे. उरलेल्या पैशांत डिजिटलचा विचार पुढच्या वर्षी करता येईल. शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकासाचे काम सुरू झाल्यापासून रुळांवर सिमेंटची धूळ बसते, ती मी रोज आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो. क्लब हाउसच्या खिडक्याही त्याच बाजूला आहेत. तेव्हा सुताराला पाट सांगताना त्याच दिवशी झाकणही सांगावे, आणि झाकणाचे माप पाटाहून चहूबाजूंनी एक इंच जास्त धरावे.