सुटी खुर्ची

मुंबईच्या इराण्याकडे वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीवर बसून चहा प्यालेल्या वाचकांना तिची कुळकथा ठाऊक असेलच असे नाही. त्या घराण्याची मूळ खुर्ची व्हिएन्नाच्या थोनेट पेढीने १८५९ साली काढली: ६ तुकडे, १० स्क्रू, २ नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटर पेटीत मावत. भाडे वाचले, म्हणूनच ती सातासमुद्रापार गेली.

१९५६ च्या सुमारास स्वीडनच्या आयकियाने मेजाचे पाय सुटे करून विकावयास आरंभ केला, आणि पेचकस गिऱ्हाइकाच्या हाती आला. भाडे पेढीचे वाचले. मजुरी मात्र घरधन्याने फुकट करावयाची! डिसेंबर २०२० मध्ये त्यांचे दुकान तुर्भ्यास उघडले. आता रसायनीच्या बिऱ्हाडांतही कपाट येते ते खोक्यात आडवे निजून.

यांतली पुष्कळशी फळी भुशाची. तो भुसा बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या राळेने बांधलेला. फॉर्माल्डिहाइड तर एके काळी रसायनीच्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्समध्येच होई.

आमच्याकडचा सुतार खाचेत कुसू बसवून पाचर ठोकी. सैल झाली की नवी पाचर. भुशाच्या फळीतून काढलेला स्क्रू पुन्हा तितका घट्ट धरत नाही. बदलीच्या वेळी हे कळते. मग बोलावणे त्याच सुताराला जाते, आणि तो भोकात आगकाडी नि सरस भरीत बसतो.