गोळी गिळणाऱ्यांनी विचारलेले प्रश्न

औषधाची चाचणी म्हटली की डॉक्टर, कंपनी आणि सरकार एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येतात. रुग्ण तिथे असतो, पण निमूटपणे गोळी गिळण्यापुरता. अमेरिकेतल्या एड्सच्या रुग्णांनी हे चित्र पालटलं.

१९८६ साली एझेडटी या औषधाची चाचणी २८२ रुग्णांवर झाली. जवळपास निम्म्यांना खरं औषध, बाकीच्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय, हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. शास्त्र म्हणून पद्धत चोखच. पण ज्याच्यापाशी जेमतेम वर्ष उरलंय, त्याने काय करावं? काहींनी कॅप्सूल उघडून चव घेतली, काहींनी ती रसायनतज्ज्ञाकडून तपासून घेतली, काहींनी चक्क आपसात वाटून घेतली. मी याला फसवणूक म्हणायला धजणार नाही. चाचणी मुदतीआधीच थांबवली, तेव्हा औषध मिळालेल्यांपैकी एक आणि न मिळालेल्यांपैकी १९ जण दगावले होते.

मार्च १९८७ मध्ये औषध मंजूर झालं. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये ‘ॲक्ट अप’ ही संघटना उभी राहिली. ११ ऑक्टोबर १९८८ रोजी या मंडळींनी मेरीलँडमधल्या औषध प्रशासनाच्या कचेरीला घेराव घातला. घोषणा, अटका, सगळं यथासांग झालं. मला मात्र त्यांचा अभ्यास अधिक मोलाचा वाटतो. आयरिस लाँग या रसायनतज्ज्ञ बाईंनी त्यांना चाचण्यांचे आराखडे वाचायला शिकवलं. मग प्रश्न आले : न्यूमोनिया टाळणारं औषध घेणाऱ्याला चाचणीतून का वगळता? बायका इतक्या कमी का? चाचणीत न बसणाऱ्याने नुसतं मरायचं का?

ज्यांच्यावर सर्वाधिक शिव्याशाप बरसले, त्या डॉ. अँथनी फाउची यांनीच त्यांना चर्चेला बोलावलं. १९८९ मध्ये डीडीआय हे नवं औषध चाचणीबाहेरच्या रुग्णांनाही मंजुरीपूर्वी मिळू लागलं. पुढे चाचण्या आखणाऱ्या समित्यांत रुग्णांचे प्रतिनिधी बसू लागले.

आणि मग १९९३ मध्ये युरोपातल्या ‘कॉन्कॉर्ड’ चाचणीचे निष्कर्ष आले : लक्षणं दिसण्याआधीच एझेडटी सुरू केल्याने आयुष्य वाढत नव्हतं. घाईची किंमत कळली. १९९४ मध्ये सॅक्विनॅव्हिर या औषधाच्या वेळी काही कार्यकर्त्यांनीच सरकारला कळवलं, एवढ्याशा पुराव्यावर मंजुरी देऊ नका, मोठी चाचणी घ्या. त्यांचेच जुने साथीदार त्यांच्यावर तुटून पडले. डिसेंबर १९९५ मध्ये ते औषध मंजूर झालं, तेही झटपट मंजुरीच्याच वाटेने.